गादीचे टाके किती न्यूटनचे?

आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना काही आकडे घाईत गेले होते, ते इथे नीट लिहिलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय गुडघ्यातून आलाय, आणि गुडघा माझाच आहे. एका रविवारी सकाळी टर्फवर फुटबॉल खेळत होतो. पाय जागेवर राहिला, अंग वळलं आणि गुडघ्यात कट्ट असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला आणि सरळच होईना. एमआरआय झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, "गादी फाटलीय. लांबीत चीर गेलीय आणि आतला तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये येऊन अडकलाय."

मग त्यांनी दोन पर्याय ठेवले. पहिला, सुटलेला तुकडा दुर्बिणीतून कापून काढायचा. थोड्याच दिवसांत चालायला लागशील, लवकर ऑफिस. दुसरा, तुकडा जागेवर बसवून शिवायचा. सहा आठवडे ब्रेस आणि कुबड्या, खेळ कितीतरी महिने बंद, आणि एवढं करून पाचातल्या एखाद्याचं शिवलेलं टिकत नाही.

मी विचारलं, "सर, टाके किती मजबूत असतात?" ते हसले. "इंजिनियर आहेस ना? त्याची टेबलं आहेत, वाच. पण नुसती टेबलं बघून ठरवू नकोस."

हे वाक्य डोक्यात अडकलं. टेबल आहे, तर मग ते बघून का ठरवायचं नाही? त्या टेबलांचा इतिहास म्हणजे आजचा भाग.

आधी गादी म्हणजे काय ते बघू

मांडीचं हाड खाली गोल असतं आणि नडगीचं हाड वर जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाट जागेवर ठेवली तर ती एका बिंदूवर टेकते आणि सगळा भार तिथेच येतो. म्हणून दोन हाडांच्या मध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या दोन चकत्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. कडेला जाड, मध्याकडे पातळ, पाचरीसारख्या. हीच मेनिस्कस. आपल्याकडे सगळे तिला गुडघ्याची गादी म्हणतात. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार या गाद्यांमधून जातो आणि गुडघा दुमडला की हा वाटा आणखी वाढतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, गादीतले मुख्य तंतू सी आकाराच्या वळणानेच धावतात. बांबू जसा लांबीत सहज चिरतो, तशी गादीही तंतूंच्या दिशेने चिरते. दोन, रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन आर्नोक्झकी आणि रसेल वॉरन यांनी गादीतल्या रक्तवाहिन्या रंग भरून दाखवल्या. प्रौढ माणसात बाहेरचा १० ते ३० टक्के भागच त्यांच्या टप्प्यात येतो. चीर त्या भागात असेल तर ती भरून यायची आशा जास्त.

पहिला टाका, आणि मग साठ-सत्तर वर्षांची चूक

मला वाटायचं गादी शिवणं हे आधुनिक प्रकरण असेल. पण एडिनबर्गच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १६ नोव्हेंबर १८८३ ला एका खाणकामगाराचा गुडघा उघडला, सुटलेली गादी जागेवर आणली आणि कॅटगटच्या धाग्याने शिवली. दुर्बीण नाही, एमआरआय नाही, प्रतिजैविकं तर फार लांब. माणूस परत कामाला लागला. १८८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं.

म्हणजे सुरुवात शिवण्यापासून झाली होती. पण लोक त्या वाटेने गेलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ब्लँड-सटन या इंग्लिश सर्जनने गादी म्हणजे पायाच्या एका जुन्या स्नायूचा निरुपयोगी उरलेला भाग, असं लिहून ठेवलं. निरुपयोगी म्हटल्यावर शिवायची कशाला? फाटली, काढा. पुढे स्कॉटलंडमधले इयान स्मायली यांच्यासारख्या मोठ्या नावांनी तर पूर्णच काढा असा आग्रह धरला. पूर्ण काढली तर कडेपासून तशीच नवी तयार होते, अशी त्यांची मांडणी होती. पेशंट काही आठवड्यांत चालू लागायचा, दुखणं थांबायचं. सर्जन खूश, पेशंट खूश.

तक्रार यायची ती दहा-पंधरा वर्षांनी, आणि तोवर ती कुणी त्या ऑपरेशनशी जोडत नव्हतं.

खरं तर १९३६ मध्येच डॉन किंग यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दोन गोष्टी दाखवल्या होत्या. कडेला पोचलेली चीर भरून येऊ शकते, आणि गादी काढली की सांध्याची झीज होते. १९४८ मध्ये टी. जे. फेअरबँक यांनी गादी काढलेल्या १०७ गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. ऑपरेशनला तीन महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतचा काळ झालेला. हाडाच्या कडेला कंगोरा, गोलाईचा सपाटपणा आणि दोन हाडांमधली कमी झालेली जागा, असे तीन बदल त्यांना दिसले. गादी भार वाहत असणार, असं त्यांनी सुचवलं. तरीही काढण्याची पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली.

हा भाग वाचताना मला आपलं क्षेत्र आठवलं. एखादं जुनं फंक्शन कशासाठी आहे कळत नाही, म्हणून डिलीट करतो. टेस्ट पास होतात, रिलीज होतो. दोन वर्षांनी मार्च अखेरीच्या रात्री कळतं की ते कशासाठी होतं.

शिवणकाम परत आलं

शिवणं परत शक्य झालं ते दुर्बिणीमुळे. १९६२ मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटका तुकडा काढला. १९६९ मध्ये टोकियोतच हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून गादी शिवली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स हेनिंग यांनी सांध्याच्या आतून बाहेर सुया काढून शिवण्याचं तंत्र रुजवलं. त्याला इनसाइड-आउट म्हणतात. लांब लवचीक सुया आतून घुसवायच्या, गुडघ्याच्या मागच्या बाजूला छेद घेऊन बाहेर पकडायच्या आणि गाठ बाहेर मारायची. पुढे वॉरन यांनी बाहेरून आत जाण्याची उलट पद्धत मांडली.

आता टाका दोन प्रकारे घालता येतो, उभा किंवा आडवा. दोन्हींना मॅट्रेस टाका म्हणतात. म्हणजे गादीला गादीचेच टाके, नाव अगदी चपखल. उभा टाका गादीच्या वरच्या पृष्ठाकडून खालच्याकडे जातो आणि वळणाने धावणाऱ्या तंतूंच्या जुडीला कवेत घेतो. आडवा टाका तंतूंना समांतर बसतो. मोळी बांधताना दोरी काटक्यांच्या भोवती गुंडाळतो, काटक्यांच्या लांबीत टाकत नाही, तोच हिशोब.

पण किती फरक पडतो? इथून आपली टेबलं सुरू होतात.

ओढून बघणारं मशीन

माझं बीटेक मेकॅनिकलचं. नोकरी सॉफ्टवेअरची, आपल्यातल्या निम्म्यांसारखीच. दुसऱ्या वर्षाला यूटीएमवर लोखंडी सळई तुटेपर्यंत ओढायचं प्रॅक्टिकल असायचं. गादीच्या चाचण्या त्याच्याच चुलत बहिणी. डुकराची किंवा मृत माणसाची गादी घ्यायची, लांबीत चिरायची, शिवायची, दोन्ही भाग मशीनच्या जबड्यात धरायचे आणि सुटेपर्यंत ओढायचे. सुटताना जोर किती होता तो न्यूटनमध्ये लिहायचा. हातात एक किलो वजन धरलं की साधारण १० न्यूटन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

१९८९ मध्ये जर्मनीत कोन आणि सीबर्ट यांनी अशी तुलना प्रसिद्ध केली, उभा टाका सरस ठरला. १९९५ मध्ये रिमर आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत एकेरी उभा टाका सुमारे ६७ न्यूटनला सुटला, आडवा सुमारे २९ ला. धागा बहुतेक तसाच, फक्त दिशा बदलली आणि ताकद निम्म्याहून खाली. बांबूचा नियम इथे मशीनवर दिसतो.

बाण आला

नव्वदच्या दशकात एक नवी वस्तू आली, मेनिस्कस अ‍ॅरो. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकचा, काटे असलेला बारीक बाण. १०, १३ आणि १६ मिलिमीटर लांबीचा. १९९३ मध्ये डेन्मार्कचे अल्ब्रेक्ट-ओल्सेन आणि फिनलंडचे टोर्माला यांनी सहकाऱ्यासह हे तंत्र प्रसिद्ध केलं. चीर जुळवायची, दुर्बिणीतूनच बाण ठोकायचा, झालं. गाठ नाही, मागचा छेद नाही, तिथल्या नसेला सुई लागण्याची भीती नाही, वेळ थोडा. पाठोपाठ स्क्रू, स्टेपल, पिना यांची रांगच लागली.

मग टेबलंही वाढली. १९९७ मध्ये डर्विन आणि सहकाऱ्यांनी बाणाची उभ्या टाक्याशी तुलना केली. टाका ५८.३ न्यूटन, बाण २९.६. त्यानंतर २००० साली टेक्सासच्या बार्बर आणि हर्बर्ट यांनी डुकरांच्या गाद्यांवर सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. माझ्या वहीत उतरवलेलं टेबल असं:

दुहेरी उभा टाका ११३ न्यूटन.
एकेरी उभा टाका ८०.
बायोस्टिंगर नावाचा काटा ५७.
आडवा टाका ५६.
टी-फिक्स ५०.
मेनिस्कस अ‍ॅरो ३३.
स्क्रू आणि स्टेपलचे प्रकार त्याच्याही खाली, २७ ते ३२.

म्हणजे दुहेरी उभा टाका साडेअकरा किलो पेलतो आणि बाण साडेतीन किलोच्याही आत. टेबल एवढं स्पष्ट असताना बाण चालला कसा? कारण पेशंट बरे होत होते. व्हर्जिनियातल्या सर्जननी गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनसोबतच बाण वापरलेल्या ३२ जणांचा अहवाल २००२ मध्ये दिला. सरासरी २.३ वर्षांनी ९०.६ टक्के यश, म्हणजे ३२ पैकी २९ गुडघे ठीक. प्रयोगशाळेत मागे पडलेला बाण दवाखान्यात पहिल्या वर्गात पास.

तुम्ही त्या वेळी सर्जन असता तर काय केलं असतंत? मी तरी बाणच ठोकला असता.

साडेसहा वर्षांनी

त्याच गटाने त्यांतल्या २८ जणांना पुढे पुन्हा तपासलं. २००५ मध्ये ली आणि डिडुक यांनी लिहिलं की सरासरी ६.६ वर्षांनी यश ७१.४ टक्क्यांवर आलं, म्हणजे २८ पैकी २०. ऑपरेशन तेच, बाण तोच, फक्त मधे चार वर्षं गेली. इतर ठिकाणांहूनही तक्रारी येत होत्या. बाणाचं डोकं थोडं वर राहिलं तर मांडीच्या हाडावरची कूर्चा खरवडली जायची. हळूहळू बाण मागे पडला आणि त्याची जागा धागा व छोटा अँकर असलेल्या साधनांनी घेतली. ती आतल्या आतच बसतात, म्हणून त्या पद्धतीला ऑल-इनसाइड म्हणतात.

मला या इतिहासातली सगळ्यात भावलेली गोष्ट हीच. आपलं स्वतःचं ९० टक्क्यांचं प्रगतिपुस्तक हातात असताना त्याच लोकांना परत बोलावून ते ७१ वर आलंय हे छापणं सोपं नाही. फेअरबँकनी चौदा वर्षांपर्यंतचे एक्स-रे पाहिले तेव्हा जे कळलं, ते इथे पुन्हा कळलं. गुडघ्याचा निकाल उशिरा लागतो.

मग टेबल बरोबर होतं का? मी उड्या मारत डॉक्टरांना मेसेज करणार होतो की बघा, मशीनने आधीच सांगितलं होतं. पण पुढचं वाचलं आणि थांबलो.

मशीन कोणता प्रश्न विचारतं?

एक साधं गणित करा. नुसतं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो. ७० किलोच्या माणसाला दीड-दोन हजार न्यूटन. आणि आपला सगळ्यात भारी टाका ११३ चा. पहिल्याच पावलाला सगळी शिवण उसवायला हवी. उसवत का नाही?

कारण तो जोर टाका ओढायला येतच नाही. गादी पाचरीसारखी आहे. मांडीचं गोल हाड वरून दाबतं तेव्हा गादी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. चीर लांबीतली असेल आणि तुकडा जागेवर बसवला असेल, तर आतला तुकडा कडेवर दाबला जातो. म्हणजे चीर मिटते. २००५ मध्ये रिचर्ड्स यांनी, आणि सोबत तेच टेबलवाले बार्बर आणि हर्बर्ट, डुकराच्या गुडघ्यात लांबीतल्या चिरेवरचा जोर मोजला. गुडघ्यावर भार दिला की चीर फाकण्याऐवजी दाबली जात होती.

पंधरा-सोळा वर्षं सगळे दोन तुकडे एकमेकांपासून लांब ओढून मोजत होते, आणि गुडघा बऱ्याच वेळा ते एकमेकांवर दाबत होता.

याचा अर्थ चाचण्या वाया गेल्या असा नाही. चीर आडवी, म्हणजे तंतू तोडून गेलेली असेल, किंवा गादी हाडापासून मुळाशीच उपटली असेल, तर भार ती जागा खरोखर ओढतो. तिथे टाक्याची ताकद महत्त्वाची आहे. शिवाय नंतरच्या चाचण्यांत एकदाच तुटेपर्यंत ओढण्याऐवजी कमी जोराने शेकडो वेळा ओढून फट किती पडते ते मोजायला लागले. आपल्या भाषेत, पीक लोड बघायचं सोडून सिस्टीम आठवडाभर चालू ठेवून बघायची. आर्नोक्झकींनी तर विरघळणारी साधनं २४ आठवडे द्रवात ठेवून ओढली, कारण पहिल्या दिवशीची ताकद सहाव्या महिन्यात राहतेच असं नाही. काहींची घसरली.

शेवटचे दोन आकडे, आणि हे खऱ्या माणसांचे आहेत. २०१२ मध्ये ग्रँट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. आतून बाहेर शिवलेल्यांत अपयश १७ टक्के, ऑल-इनसाइडमध्ये १९ टक्के. मशीनवरच्या मोठमोठ्या फरकांपुढे हा फरक नसल्यातच जमा. त्याच वर्षी नेपल आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलेल्या शिवणी एकत्र केल्या. पद्धत कुठलीही असो, अपयश २२ ते २४ टक्क्यांच्या आसपास.

म्हणून मला समजलं ते असं. मशीन नापास कोण ते बऱ्यापैकी सांगतं, पहिला कोण ते सांगत नाही. ३३ न्यूटनच्या बाणाबद्दल काळजी वाटायला हवी होती, हे खरं. पण एकदा पुरेशी पकड मिळाली की ८० आणि ११३ मधला फरक तुमच्या गुडघ्याला कळेलच असं नाही. टाक्याचं काम गादी भरून येईपर्यंत तुकडे हलू न देणं, एवढंच. पुढे भरलेली गादीच भार घेते. ती भरेल की नाही हे चीर कडेपासून किती लांब आहे, ती किती जुनी आहे, लिगामेंट शाबूत आहे का, आणि पेशंट सांगितलं तेवढे आठवडे गप्प बसतो का, यावर ठरतं.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे अवघड. गुडघा खोल दुमडला की गादीच्या मागच्या भागावर जोर येतो, आणि टाके बहुतेक वेळा तिथेच असतात. म्हणून उकिडवं बसणं बंद, मांडी घालून जेवणं बंद. गणपतीत सगळे आरतीनंतर पंगतीला खाली बसले आणि मी एकटा खुर्चीवर. आजी म्हणाली, "एवढ्याशा टाक्यांसाठी?" तिला न्यूटन सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "गोधडीचा टाकाही एवढासाच असतो रे. पण नवी गोधडी लगेच कुणी ओढत नाही."

एवढं वाचून जे कळलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

तर मी काय केलं?

शिवून घेतलं. माझी चीर कडेजवळ होती, ताजी होती, लांबीतली होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना म्हटलं, "सर, उभे टाके घाला." ते म्हणाले, "तेच घालणार होतो. टेबलं मीही वाचलीत."

आता चौदा महिने झाले. चालतो, जिना चढतो, हळू पळतो. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ऑपरेशन यशस्वी झालं ना? पूर्वी मी पटकन हो म्हणायचो. आता व्हर्जिनियातले ते ३२ जण आठवतात. सव्वादोन वर्षांनी त्यांच्यातले २९ जणही हो म्हणत होते.

म्हणून सध्या एवढंच सांगतो, आजवर ठीक आहे. पॉडकास्ट टिकला आणि टाकेही टिकले, तर साडेसहा वर्षांनी यावर आणखी एक भाग करू.

तुमच्यापैकी कुणाला गादी काढायची की शिवायची हे ठरवायचं असेल, तर डॉक्टरांना टाका किती मजबूत असतो हे विचारा, पण ते तिसऱ्या-चौथ्या नंबरला. आधी विचारा की माझी चीर कुठे आहे, कोणत्या दिशेने गेलीय आणि ती भरून यायची शक्यता किती. मी उलट क्रमाने विचारलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर गुडघे सांभाळा.